फर्नेस पेटते, पण टिकत नाही

राजूरच्या स्टँडवर जीप भरत नव्हती, म्हणून माझा निरोप तीनदा झाला. पहिल्यांदा सगळे रडले. ड्रायव्हर म्हणाला, अजून चार सीटा पाहिजेत, तेव्हा सगळ्यांनी डोळे पुसले आणि चहा घेतला. दुसऱ्यांदा मावशी एकटीच रडली, तीही उरकल्यासारखी. तिसऱ्यांदा आई म्हणाली, "आता बास झालं, बाजार उठंल," आणि बोंबील घ्यायला निघून गेली. जीप हलली तेव्हा ती हातात बोंबलाची पिशवी घेऊन धावत आली आणि ड्रायव्हरला ओरडून सांगायला लागली, "पोरीला खिडकीपशी बसव रं, तिला गाडी लागती!" मी कॅनडाला निघाले होते. पुढच्या विमानाचं तिला काही नव्हतं, काळजी होती ती तालुक्याच्या अकोल्यापर्यंतच्या वळणांची. "जय भीम" म्हणायचंही राहून गेलं, ते मी अकोल्यातून फोन करून म्हटलं.

तुम्ही जे तिकडेच राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे बाहेर पडलात, दोघांनाही ही फर्नेसची गोष्ट सांगायची आहे. तिकडच्यांनी हसावं, इकडच्यांनी आपापल्या घराच्या बाहेर एक चक्कर मारून यावी.

मी राहते त्या रेजायना गावात हिवाळ्यात पारा इतका खाली जातो, की राजूरला सांगितलं तर माणसं म्हणतात, सुमी तिकडं जाऊन थापा मारायला शिकली. इथं घर ऊब धरतं ते तळघरातल्या फर्नेसवर. पाइपच्या गॅसवर चालणारी मोठी शेगडीच ती. ती हवा तापवते आणि जमिनीतल्या जाळ्यांमधून घरभर सोडते. ती बंद पडली तर नळाचं पाणी गोठतं, पाइप फुटतात, आणि माणसाचं काय होतं ते बोलू नये.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी आई पहिल्यांदा माझ्याकडे आली. वडील गेल्यापासून मी तिच्या मागे लागले होते. भाऊ तिला नीट सांभाळतो, तक्रार काही नव्हती, मला फक्त ती हवी होती. थंडीभर राहा म्हटलं. ती म्हणाली, "बघते. सोसली तर ऱ्हाईन, न्हाई तर माघारी." आणि मग जी पाहुणी होऊन बसली, ती पाहुणीच. लेकीच्या घरी पाण्यालाही शिवू नये, असं तिची आई म्हणायची. आता हे कोण पाळतं? पण माझ्या आईनं त्यातून मधला मार्ग काढला होता. ती पाणी प्यायची, पण उभ्यानं, निघायच्या घाईत असल्यासारखी. फ्रिज उघडायचा तर विचारून. माझ्या नवऱ्याला, प्रकाशला, "जावईबापू, येवढा टीव्ही लावू का?" मला इतका संताप यायचा! अगं, तुझ्याच पोरीचं घर आहे ना हे? ती म्हणायची, "तुजं हाय. म्हनून तर इचारते."

अशात एका सकाळी उठलो तर घर गार. तळघरात गेले. फर्नेस सुरू होत होती. आधी पंख्याची घरघर, मग आतली कांडी लाल व्हायची, मग गॅस आला की भस्सकन निळ्या ज्योती. मला वाटायचं, झालं. तेवढ्यात विझायची. पुन्हा घरघर, पुन्हा कांडी, पुन्हा भस्सकन, पुन्हा विझली. असे दोनचार झटके देऊन ती रुसून बसली आणि तिचा लाल दिवा माझ्याकडे बघून डोळे मिचकावायला लागला.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. थंडीनं सगळ्या गावाच्या फर्नेसांना एकदमच आजारपण आलेलं. तो म्हणाला, उद्या येतो. मी म्हटलं, येऊ नका. अहो, मी नागापूर एमआयडीसीतल्या कारखान्यात मेंटेनन्सला होते! लोखंड लाल करणाऱ्या भट्ट्या सांभाळल्या आहेत मी. बाई बघून सुपरवायझर हसायचे, आणि भट्टी बंद पडली की तेच "मॅडम, मॅडम" करत यायचे. ही घरगुती पेटी मला काय शिकवणार?

मेन स्विच काढला, गॅस बंद केला, दार उघडलं. आधी फिल्टर बदलला, तो धुळीनं भरलेला होताच. चालू केली. पेटली, विझली. मग ज्योत लागली की नाही हे ओळखणारी सळई काढली. तिच्यावर काजळी धरली तर फर्नेसला वाटतं आग लागलीच नाही, आणि ती गॅस तोडते. तिला पॉलिश पेपर मारला, चकचकीत करून बसवली. पेटली, विझली. मग फर्नेसमध्ये साचणारं पाणी वाहून नेणारी नळी काढून फुंकली, तिच्यातलं गढूळ पाणी माझ्याच तोंडावर उडालं. प्रकाश मोबाईलवर दुरुस्तीचा व्हिडिओ लावून जिन्यावर उभा. "यात तो म्हणतोय, आधी थर्मोस्टॅट बघा." हा माणूस हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासतो आणि स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा हे मला विचारतो. मी म्हटलं, "तू चहा कर."

त्याच्या खालच्या पायरीवर आई गोधडी पांघरून बसली होती. फक्त डोळे दिसत होते आणि तोंड चालू होतं.

"सुमे, फुकनी हाय का गं?"

"आई, फुंकणीचं काम नाही हे."

"पेटती, मंग टिकत का न्हाई? चुलीतल्या वल्या फाट्यावानी करती. मला तर वाटतं, तिला वारं मिळंना."

"आई, ही चूल नाही."

"मंग काय हाय?"

"भट्टी आहे."

"भट्टीला वारं लागत न्हाई व्हय?"

मी चिडून पाना आपटला. "तू कशाला हात लावला होतास का? खरं सांग."

"म्या? तुज्या मशिनीला?" ती इतकी दुखावली की गोधडीतून पूर्ण बाहेर आली. "मी हितं खाली आजच आले. इचार जावईबापूंना!" प्रकाशनं मान हलवली. ती उठून उभी राहिली. "सांज व्हायच्या आत पेटली न्हाई, तर दादाला फोन लाव. म्हनावं, आईला न्यायला ये. थंडीनं हितं मरायला न्हाई आले मी."

न्यायला ये! जशी काही ती संगमनेरला आली होती. पण मला हसू आलं नाही. ती बोलते ते करते. फर्नेस आज पेटली नसती तर प्रकाशच्या मित्राकडे रात्र काढता आली असती, उद्या दुरुस्तीवाला आला असता, सगळं झालं असतं. पण आई गेली असती, आणि पुन्हा आली नसती. तिच्या वयाला पुन्हा कुठलं येणं? मी पाना उचलून पुन्हा फर्नेससमोर बसले.

शेवटी नाक मुठीत धरून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला तक्ता वाचला. दिव्याच्या कुठल्या मिचकावण्याचा अर्थ काय, ते तिथं लिहिलेलं असतं. नागापूरला आम्ही तक्ते वाचत नसू, आवाज ऐकून दुखणं ओळखत असू. तक्ता म्हणत होता, हवेचा दाब बरोबर नाही, बाहेरचे पाइप तपासा. थोडक्यात काय, तिला वारं मिळत नव्हतं. मी आईकडे बघितलं नाही.

जाकीट, टोपी, स्नोबूट असा सगळा पोशाख करून मागच्या अंगणात गेले. भिंतीतून दोन पांढरे पाइप बाहेर आलेत, गुडघ्याएवढ्या उंचीवर. एकातून फर्नेसचा धूर बाहेर जातो, दुसऱ्यातून ती जाळायला हवा ओढते. धुराचा पाइप मोकळा होता. दुसऱ्याच्या तोंडात काहीतरी पिवळट, गोल, दगडासारखं बसलेलं. मी नखानं खरवडलं. कणीक! मळलेली, बोटांनी नीट लिंपलेली, कडेनं दाबून घेतलेली कणीक. गोठून तिला मधोमध भेग गेली होती, रात्रीत तीही बर्फानं भरत आलेली, आणि उरलेल्या फटीतून मिळेल तेवढ्या हवेवर बिचारी फर्नेस सकाळपासून पेटत होती. लिंपण फोडलं तर मागून निघाला हिरव्या लुगड्याचा बोळा, काठासकट.

बोळा घेऊन मी आत आले आणि आईसमोर धरला.

"काढलास?" ती कडाडली. "काल दुपारी तुमी कामावर असताना किती मेहनतीनं बुजवलं हुतं! हात गळून पडायची येळ आली थंडीनं. शेन न्हाई, माती न्हाई तुज्या गावात, समदी गोठल्याली. मंग कनीक मळली."

"अगं, पण का?"

"का म्हंजी? घराला येवढं मोठं भोक, आन् तुमी दोघं बघत बी न्हाई! उंदीर शिरंल न्हाई तर काय?"

"मग दुसरं का नाही बुजवलंस?"

"त्यातनं धूर येतो. धुराडं हाय ते. तेवढं कळतं मला."

प्रकाश चहाचा कप खाली ठेवून भिंतीकडे तोंड करून हसत होता. मी फर्नेस चालू केली. घरघर, कांडी, भस्सकन. आम्ही तिघं श्वास धरून उभे. ज्योती टिकल्या. जरा वेळानं पायाखालच्या जाळीतून गरम वारा यायला लागला आणि आईनं गोधडी खांद्यावरून खाली घेतली.

आणि मला एकदम रडू फुटलं. आमच्याकडे भात घरात आला की बाई पहिली कुठली गोष्ट करते? घराभोवती फिरून उंदरांची बिळं बुजवते. पण आपल्याच घराची हो! दुसऱ्याच्या भिंतीला हात लावला तर त्या घरची बाई वर्षभर बोलणार नाही, कारण तिला ढिसाळ म्हटल्यासारखंच ते. काकूच्या घरी माझ्या आईच्या ताटासमोरून उंदीर गेला होता, तरी ही बाई शब्द बोलली नव्हती, परकं घर म्हणून. आणि इथं, मला न विचारता, तसल्या बर्फात, स्वतःचं लुगडं फाडून तिनं माझ्या भिंतीचं भोक लिंपलं होतं. घर म्हणजे काय असं मला इतकी वर्षं लोक विचारायचे, आणि मी काहीतरी ठोकून द्यायचे. आता विचारा. ज्याचं उघडं भोक बघून जिवाला चैन पडत नाही, ते घर.

"रडतीस कशाला? पेटली न्हवं आता?" आई म्हणाली.

डोळे पुसत मी विचारलं, "मग दादाला फोन लावू का? न्यायला ये म्हणून?"

"फोनचं नंतर बघू," ती म्हणाली. "जावईबापू, तुमी आधी दुकानात जावा, आन् त्या भोकाला जाड जाळी घिऊन या. माझ्या डोळ्यादेखत बसवा. आन् ह्या घराला अजून कुठं कुठं भोकं हायती, ती उद्या सकाळपासनं मला दावायची."