घर विकण्यासाठी केलेली सजावट

मंडळी, घराची किंमत कशी वाढवावी, हे निदान मला विचारू नका.

हिच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, म्हणून लश्कर भागातलं दुमजली घर विकून लिफ्टवाला फ्लॅट घ्यायचं ठरलं. भाव चांगला यावा म्हणून मी वरच्या मजल्यावर फॉल्स सीलिंग करवलं.

आज गिऱ्हाईक आलं. सीलिंगकडे त्यांनी पाहिलंही नाही. "भाईसाहब, बाथरूम सिर्फ ऊपर है? अम्मा जीना कैसे चढ़ेंगी?" एवढं विचारून चहा न घेताच गेले.

ही म्हणाली, "खाली बाथरूम बांधा, हेच मी सांगत होते. आज घर विकलं गेलं असतं."

बांधलं असतं, तर विकायला कशाला काढलं असतं?

आता पुंजी सीलिंगला लटकलीय आणि आम्ही जिन्यात. तुम्ही काय केलं असतंत?