आमच्या पंख्याचं नाव 'गाळी'

मित्रांनो, माझ्या एका शब्दाचा आज कंपनीत निकाल लागला.

मी कन्नड मुलखाच्या सीमेवरल्या कमलनगरचा. पुण्यात कारखान्यांसाठीचे वीस फुटी पंखे बनवायच्या कामावर हाय. सुरुवातीला एका पत्र्याच्या शेडात आम्ही चौघंच होतो. पहिला पंखा फिरला तवा मी म्हणलो, "काय गाळी हाय!" कन्नडात गाळी म्हंजे वारं. मालकांना वाटलं, शिवी दिली. मी अर्थ सांगितला तर म्हणले, "सारवासारव करू नकोस." पण हसत हसत पंख्याला तेच नाव दिलं.

नाव वाचून लोक हसायचे आन् फोन करायचे. एका शेडाचे तीन झाले. आता मोठ्या गिऱ्हाइकांसमोर मालकांना लाज वाटायली, म्हणून नव्या नावाचे स्टिकरही छापून आले.

आज दुपारी कलबुर्गीच्या डाळ मिलचे एक अप्पा पंखे बघायला आले. मालक आधीच म्हणले, "नावाचं मनावर घेऊ नका, बदलतोय."

अप्पा पंख्याखाली टोपी धरून उभे होते. "कामून बदलायलात? वाऱ्याला वारंच म्हणलाय की."

मालक माझ्याकडं वळले. "म्हणजे तू खरं बोलत होतास?"

"व्हय. पहिल्या दिवसापासून."

नवे स्टिकर कपाटात गेले.

तुमच्या गावाकडचा कोणता चांगला शब्द बाहेर शिवी ठरलाय?