चार नंबरला तीन गोल

कर्वेनगरच्या एका मेसमध्ये मी पोळ्या करते. गेल्या वर्षी माझे कान गेले. अगदी ठार बहिरी नाही, जवळ येऊन बोललं तर कळतं. पण स्वयंपाकघरातला पंखा लावला की काउंटरवरची हाक माझ्यापर्यंत पोचत नाही. "तीन नंबरला दोन पोळ्या" असं कोणी ओरडलं तरी मला नुसतं तोंड हललेलं दिसायचं. म्हणून मी सारखी लाटणं टाकून दारात जायची. तव्यावरची पोळी करपायची.

मालकीणबाईंनी शुक्रवारी सांगून टाकलं की सोमवारपासून दुसरी बाई येईल. त्या वाईट नाहीत, पण गिऱ्हाईक थांबत नाही. मी म्हटलं, बघा. घरी बसून सुनेची आणि माझी भांडणं वाढली असती, दुसरं काही नाही.

मेसला जेवणारी एक मुलगी आहे, अमरावतीकडची, कॉम्प्युटर शिकते. तिला हे कळलं. आत फडताळावर बिलांचा जुना प्रिंटर पडून होता, त्याला तिने वायर जोडली. मग काउंटरच्या कॉम्प्युटरवर एक काळी पाटी उघडली. चित्र नाही, काही नाही. तिथे एक ओळ लिहिली : मजकूर, प्रिंटरचा पत्ता आणि एक नंबर. पत्ता म्हणजे इमारत आणि नंबर म्हणजे खोली, असं तिने समजावलं. त्या खोलीत जे टाकाल ते प्रिंटर मुकाट्याने छापतो.

पहिली चिठ्ठी मराठीत पाठवली. कागदावर मेलेल्या मुंग्या उमटल्या.

"आजी, याला मराठी येत नाही."

मला इंग्रजी येत नाही. चौथीत शाळा सुटली. मोबाइलवरचे आकडे तेवढे वाचता येतात. म्हणून तिने आकडे पाठवले, आधी टेबल, मग पोळ्या. शनिवारी दुपारी चार नंबरला सहा पोळ्या द्यायच्या होत्या, मी सहा नंबरला चार धाडल्या. तिथला माणूस जेवून, हात धुऊन बसला होता.

मालकीणबाई आत येऊन म्हणाल्या, "मावशी, आता दिसतही नाही का?"

मी मुलीला सांगितलं, "पोळ्या आकड्यात लिहू नकोस. गोल काढ."

तिने एका पोळीला एक इंग्रजी ओ टाकला. 4 OOO. हे कोणालाही वाचता येईल.

रविवारी मोठी गर्दी होती. काउंटरवरून चिठ्ठ्या आता मालकीणबाईच पाठवत होत्या. प्रिंटरचा आवाज मला येत नव्हता, त्यामुळे दर पोळीनंतर मान वळवून बघायचं. कागद आला नाही की वाटे, अडकला. आला की वाटे, मधला एखादा हुकला. दोन पोळ्या जाळल्या, पण टेबल एकही चुकलं नाही.

जेवणं उरकली. मालकीणबाई आत आल्या नाहीत. मी परात घासली, ओटा पुसला, पुन्हा पुसला. विचारायला मी जाणार नव्हते. मग कागद पुढे सरकला. त्यावर गोल नव्हते. नुसतं 6:30 होतं. कणीक मळायला मी त्या वेळेला येते.

सोमवारी मी सहालाच शटरपाशी उभी होते. मालकीणबाई पावणेसातला आल्या. तुम्हाला उशीर झाला, असं मी त्यांना सांगितलं.