जिवंतपणी नसलेला माणूस

त्या दिवशी सकाळी माझ्या पतींनी मला विचारलं, "आपण कोण?"

मी नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि बाकावर सरकून मला बसायला जागा दिली. ओळख गेली होती, रीत गेली नव्हती. पुढची वर्षं मी हेच सगळ्यांना सांगत राहिले. कोणी ऐकलं नाही.

विश्रामबागेतले डॉक्टर त्यांच्यासमोरच म्हणाले, "यांना आता काही कळत नाही." धाकटे दीर रहिमतपूरहून गूळ घेऊन यायचे, खुर्ची ओढायचे आणि फक्त माझ्याशी बोलायचे. "वैनी, दादा ह्यात न्हाईत आता. नुसता देह हाय. उगं जीवाला लावून घेऊ नगा."

दादा तिथंच, हाताच्या अंतरावर. हे बोलणं निघालं की ते भिंतीकडं तोंड फिरवायचे. मी ते दिरांना दाखवलं.

"तसं व्हतंय," ते म्हणाले. "बारकी पोरं न्हाई का करत?"

बारक्या पोराला तरी कोणी 'तू नाहीस' म्हणत नाही.

माझं आयुष्य वाचण्यात गेलं. 'मी' असा कोणी नसतोच, आठवणींच्या मोळीला आपण ते नाव देतो, हेही वाचलं होतं. वाचायला ते फार नेटकं वाटतं. लिहिणाऱ्याच्या घरच्यांनी त्याच्या तोंडावर 'हा आता नाही' असं कधी म्हटलं नसावं. मोळी सुटली होती, मला दिसत होतं. पण आमटी अळणी झाली की ताट सरकवणारं, मला ठसका लागला की पाणी आणायला उठणारं आणि कशाला उठलो ते वाटेत विसरून उभं राहणारं ते कोण होतं? पुस्तकांत उत्तर नव्हतं. घरच्यांना तर तो प्रश्नच वाटत नव्हता.

मग ते गेले. दहावा वाईला घाटावर केला. पिंड ठेवून सगळे मागे सरले. कावळे झाडावरून खाली येईनात. कावळा शिवत नाही, म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिली.

"मन अडकलंय कशात तरी," चुलत सासरे म्हणाले.

दिरांनी हात जोडले. "दादा, वैनींचं आमी बघतो, काळजी करू नगा!"

कावळे जागचे हलले नाहीत.

"च्या ठेवा रं कपभर," मागून कोणीतरी म्हणालं. "च्याबिगर कवा उठलाय का गडी?" दोघे-तिघे हसले. चहा आला, ठेवला.

"दादा, काय पायजे तुमाला? सांगा की!" दिरांचा आवाज रडवेला झाला होता.

चारचौघांत मी कधी आवाज चढवला नव्हता. तेव्हा चढवला. "कुणाला विचारताय? देहात नव्हते ना ते? मग भाताच्या गोळ्यात कुठून आले?"

"आवं वैनी, ही काय येळ हाय का?"

"समोर बसले होते, तेव्हा एकदा तरी विचारलंत, काय पाहिजे म्हणून?"

गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. विधी पुरा झाला. माणसं जेवायला बसली.

'मी' म्हणजे काय, ते मला अजून सांगता येत नाही. ते शेवटपर्यंत होते, एवढं मला माहीत आहे. दिरांचा फोन येतो. मी उचलते, ख्यालीखुशाली विचारते. त्यांना मी माफ केलेलं नाही.