मान वर करणारा बाजार

भाऊजी ऑफिसात सगळ्यांचेच भाऊजी होते. खरं नातं फक्त चित्रकर्तीशी. ती त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. पण ती दिवसभर "भाऊजी, माझ्या सावल्या कुठे गेल्या?" असं विचारत राहायची, आणि बघता बघता मालकही त्यांना भाऊजी म्हणू लागले. पगारवाढीच्या वेळी हे नातं उपयोगी पडलं नाही, ही गोष्ट वेगळी.

काम होतं कॉम्प्युटर गेम बनवण्याचं. चित्रकर्तीने बाजार रंगवायचा आणि भाऊजींनी तो चालता करायचा. गेमच्या पोटातलं इंजिन त्यांचं. मॉनिटर तेव्हा ट्रंकेएवढे असत. थंडीत लोक त्यांच्या पाठीवर हात शेकत.

बाजाराच्या कोपऱ्यात भाऊजींनी एक घड्याळजी बसवला होता. डोळ्याला भिंग, पुढे काचेची पेटी, समोरून कुणीही गेलं की मान वर. हे त्यांचे वडील, तात्या, नुकतेच वारलेले. खऱ्या तात्यांचं आयुष्यही असंच मान वर करण्यात गेलं. गिऱ्हाईक थोडं, जाणारे-येणारे फार. गेममध्ये ती मान इतकी हुबेहूब साधली की भाऊजींनी हौसेने तीच खोड बाजारातल्या प्रत्येकाला लावून दिली.

आणि बाजार अडखळू लागला. दोन पावलं टाकली की चित्र थिजायचं, मग एकदम उडी मारायचं.

"शुक्रवारपर्यंत नीट चालू दे," मालक म्हणाले, "नाहीतर बाजार काढून मोकळं मैदान टाकू."

मैदान आलं की तात्या गेले, हे मालकांना ठाऊक नव्हतं. भाऊजींनी सांगितलंही नाही.

त्यांनी रीतसर मेहुणीला दोष दिला. तिचं चित्र जड. आधी सावल्या गेल्या, मग झाडांची पानं, मग दुकानांवरची छपरं. बाजार बोडका झाला. अडखळणं जागच्या जागी.

"आता माणसांचे कपडे तेवढे राहिलेत, भाऊजी."

"ते मालकांना विचारून करू."

"पण माझं चित्र एवढं जड असतं तर ग्राफिक्स कार्ड तापलं असतं ना? हात तरी लावून बघा."

भाऊजींनी कॉम्प्युटरचं झाकण काढून कार्डाला बोट लावलं. जवळजवळ गार. मग प्रोसेसरवरच्या धातूला लावलं, आणि ते बोट तोंडात घातलं.

कोण कुठे आहे, काय करतोय, हे प्रोसेसर ठरवतो. कार्ड ते रंगवतं. इथे बाजारातला प्रत्येक जण बाजारातल्या प्रत्येकावर नजर ठेवून होता, आणि त्या सगळ्या नजरांचा हिशेब प्रोसेसरच्या डोक्यावर. तो उरकेपर्यंत कार्ड, पान वाढण्याची वाट बघणाऱ्या जावयासारखं, स्वस्थ बसलेलं.

"म्हणजे दोष तात्यांचा," चित्रकर्ती म्हणाली.

"ताईला सांगू नकोस. तिचं पहिल्यापासून तेच म्हणणं आहे."

मग दोघं कामाला लागली. लांबच्या माणसांचं बघणं बंद केलं. त्यांचं नुसतं चालणं, हात हलवणं, म्हणजे सगळ्यांचं एकसारखं काम, कार्डाच्या गळ्यात घातलं. मान वर करायची ती अगदी जवळ येणाऱ्यासाठी. शुक्रवारी बाजार सुरळीत वाहू लागला, आणि पानं, सावल्या, छपरं घरी परतली.

"तात्यांनाही हाच नियम?" चित्रकर्तीने हळूच विचारलं.

भाऊजी पडद्याकडेच बघत होते. "शेवटी शेवटी ते असंच करायचे. मोतीबिंदू झाला होता. पेटीला टेकल्याशिवाय कोण आलंय ते कळायचं नाही."

गेम बेताचा खपला. ऑफिस बंद पडलं. मालक जमिनीच्या धंद्यात शिरले. आता मोकळी मैदानंच विकतात. चित्रकर्ती लहान मुलांची पुस्तकं रंगवते, भरपूर पानांच्या झाडांची.

नव्या कॉम्प्युटरवर तो गेम चालत नाही, म्हणून भाऊजींनी जुनं धूड जपून ठेवलंय. बायको त्याला सासऱ्यांची खोली म्हणते आणि पुसताना पंख्यातली धूळही काढते. एखाद्या दुपारी भाऊजी ते चालू करतात आणि बाजारातून चालत कोपऱ्यापर्यंत जातात. पेटीजवळ पोचलं की तात्या मान वर करतात.

भाऊजी फार वेळ उभे राहत नाहीत. घड्याळ दुरुस्तीला न आणता दुकानासमोर कुणी रेंगाळलेलं तात्यांना खपत नसे.