फ्लॉरेन्सबाईंच्या वडिलांचं मत

आमचे हे, प्रेमानंद, बत्तीस वर्षं इथे कॅनडात हॅलिफॅक्सच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये होते. रिटायर झाल्यावर माणूस घरात बसेल, मला भाजी निवडून देईल, असं वाटलं होतं. कसचं काय. दर बुधवारी फेरीबोट पकडून खाडीपलीकडे डार्टमथला जायचे, तिथल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांच्या आठवणी लिहून घ्यायला. फुकटची हमाली, मी म्हणायची.

तिथे फ्लॉरेन्सबाई भेटल्या. वय सत्त्याऐंशी, काळ्या, मूळच्या अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या, लग्न करून इकडे आलेल्या. १९४६ साली तिकडे गव्हर्नरची निवडणूक होती. पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानातच खरा निकाल लागायचा, आणि त्यात काळ्यांना पहिल्यांदाच मत टाकता येणार होतं. फ्लॉरेन्सबाईंचे वडील सुतार. नऊ वर्षांच्या पोरीचा हात धरून ते मत द्यायला निघाले. परतली ती एकटी पोर. काय झालं ते तिनं आईलाही सांगितलं नाही, पुढे स्वतःच्या लेकीलाही नाही.

मग ह्यांनाच का सांगायला लागल्या? तर ह्यांनी आधी आपलं सांगितलं. बावन्नच्या पहिल्या निवडणुकीत ह्यांचे वडील, म्हणजे माझे मामाजी, गावात मत द्यायला गेले, तर पाटलाच्या माणसांनी त्यांना उन्हात बाजूला उभं केलं, सगळ्यांचं झाल्यावर ये म्हणून. मामाजी संध्याकाळपर्यंत उभे राहिले आणि मत देऊनच घरी आले. ते ऐकून बाई म्हणाल्या, "लिही." टेप नको म्हणाल्या, टेप तोंडाकडे बघत नाही. मग हे हातानं लिहायचे, पान वाचून दाखवायचे आणि खाली त्यांची सही घ्यायचे. सहीशिवाय लॅबचा रिपोर्ट कधी बाहेर सोडला नाही, ती खोड. दीड वर्षात सत्तावन्न पानं झाली. शेवटच्या पानावर वडील इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे आहेत. त्यापुढे बाई जाईनात. अजून धीर होत नाही म्हणायच्या, आणि ह्यांनी कधी रेटलं नाही.

आता आमच्या लोकांची इथली एक रीत सांगते. चौदा एप्रिल कुठल्याही वारी येवो, जयंती शनिवारी. बारसं शनिवारी, वाढदिवस शनिवारी, माणूस मंगळवारी गेला तरी शोकसभा शनिवारी. हॉल तेव्हाच मिळतो, सुट्टी तेव्हाच असते. इतक्या वर्षांत अंगवळणीच पडलंय, काहीही असो, वीकेंडला बघू.

त्या एप्रिलात बुधवारी सकाळी फ्लॉरेन्सबाईंचा आपणहून फोन आला. "आज ये. आज तो दिवस सांगते." हे आमच्या इथल्या असोसिएशनचे सेक्रेटरी. शनिवारच्या जयंतीसाठी साउंड सिस्टिम आणायची होती, दीडशे माणसांचं जेवण ठरवायचं होतं. त्यामुळे त्या आठवड्यात जाणं रद्दच केलं होतं. फोन हातात धरून हे माझ्याकडे बघायला लागले. मी बॅनरला इस्त्री करत होते. म्हटलं, "रविवारी जा की निवांत. बाई काय पळून जातात?" माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. ह्यांनी तसंच सांगितलं. त्या बरं म्हणाल्या.

शनिवारी त्रिशरण झालं, भाषणं झाली, आम्ही जेवण वाढायला घेतलं तेव्हा वृद्धाश्रमातून फोन आला. बाई पहाटे झोपेतच गेल्या होत्या. हे हातातला भाताचा डाव तसाच धरून उभे राहिले. मागची रांग थांबली.

अंत्यविधीला टोरंटोहून त्यांची लेक आली, साठीची बाई. चर्चबाहेर ह्यांनी तिच्या हातात पानं दिली. तिनं उभ्याउभ्याच शेवटचं पान काढून वाचलं. म्हणाली, "आई सांगायची, मला तुझ्या तोंडावर सांगवणार नाही. त्या इंडियन माणसाला सांगेन, त्याच्याकडून वाच. पुढची पानं कुठे आहेत?"

मला वाटलं, हे म्हणतील, सांगायच्या आधीच त्या गेल्या. ते काही खोटं नव्हतं. पण हे म्हणाले, "बुधवारी त्यांनी मला बोलावलं होतं. मी गेलो नाही. मला काम होतं."

ती चिडली असती तर सोसलं असतं. तिनं फक्त विचारलं, "म्हणजे ती सांगायला तयार झाली होती?"

हे हो म्हणाले. तेव्हा ती रडायला लागली.

रविवारी जा असं मी म्हटलं होतं, ते ह्यांनी तिला सांगितलं नाही. मी शेजारीच उभी होते. मीही सांगितलं नाही.