खिडकीतली यादी

जून १९८५, शुक्रवार. खिडकीच्या आत मी. बाहेर राणीसावरगावची एक बाई आणि तिचे वडील. मागच्या खोलीत हेडक्लार्क आणि त्यांच्याकडे चहाला आलेला बाईच्याच गावचा एक पुढारी. रांग सोडली तर एकूण पाच जण. त्यातल्या तिघांना खरी गोष्ट त्या दिवशी माहीत नव्हती, आणि मी त्या तिघांतला होतो.

आधी खिडकीविषयी. विद्यापीठाच्या नामांतरावरून मोर्चे निघू लागले तसा आमच्या पंचायत समितीच्या कार्यालयात लोकांनी शिरायचं नाही असा साहेबांचा हुकूम झाला. दार बंद, भिंतीला खिडकी, खिडकीत मी. कुणी काही विचारलं की मी उठून आत जायचो, फाईल काढायचो, बघून यायचो. बाहेर रांग वाढायची. म्हणून मी माझी पद्धत बसवली. लोक वारंवार विचारतात ते कागद, म्हणजे याद्या, परिपत्रकं, अर्जांचे नमुने, मी हाताने उतरवून घेतले आणि गावांप्रमाणे लावून खिडकीपाशी ठेवले. आता आत जायची गरज नव्हती. रोज सकाळी मूळ फाईल बघून माझी नक्कल दुरुस्त करायची, एवढाच नियम.

रांग अर्ध्या तासात संपू लागली. साहेबांनी शाबासकी दिली, पण मदतनीस दिला नाही. वर जावक टपालाची नोंदवही माझ्याकडे आली. मग मीच रोजची तपासणी सोमवारवर नेली. कुणाला विचारलं नाही. कुणी विचारलंही नाही.

ही बाई नवऱ्याने टाकलेली, सातवी शिकलेली. गावच्या अंगणवाडीवर नेमणुकीसाठी तिने अर्ज केला होता. पहिल्या यादीत नाव नव्हतं. गुण मोजण्यात चूक झाली म्हणून तिने तक्रार दिली. त्यानंतर तीन वेळा ती एसटीने आली. पहिल्या दोन वेळा मी नाही म्हणालो, ते खरं होतं.

त्या शुक्रवारी मी पान काढलं, बोट फिरवलं आणि नाही म्हणालो. वडील लगेच वळले. ती हलली नाही.

"भाऊसाहेब, आतली यादी एकदा बघता का? आमी लय लांबून येतो."

"बाई, आतलं अन् माझं एकच हाय."

मागून कुणीतरी म्हणालं, सरका की, का इथंच अंगणवाडी भरवता. रांगेत हसू झालं. मीही हसलो.

सोमवारी सकाळी फाईल उघडली. बुधवारीच दुरुस्त यादी आली होती. तिचं नाव पहिलं, पुढाऱ्याची पुतणी राखीव. परभणीला प्रशिक्षण त्याच सोमवारी अकराला, गैरहजर राहिल्यास जागा राखीव नावाला. घड्याळात साडेदहा वाजले होते. फोन तिच्या गावात असेल तर पुढाऱ्याच्याच घरी.

मी यादी घेऊन हेडक्लार्ककडे गेलो. त्यांनी ती शुक्रवारी टेबलावरच पाहिली होती, पुढाऱ्यानेही पाहिली होती. पुतणी रविवारीच परभणीला पोचली, असं त्यांनी सहज सांगितलं. खिडकीला कळवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी म्हणालो, त्या बाईला मी शुक्रवारी नाही सांगितलंय. ते म्हणाले, "तुमच्या कागदात न्हवतं, तुमी न्हाई म्हणलात. तुमची चूक कुठाय?"

माझी चूक कुठे होती ते मला ठाऊक होतं. तरी ते ऐकून बरं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे.

ती पंधरा दिवसांनी आली, एकटीच. पुतणीची नेमणूक झाल्याचं आणि दुरुस्त यादी बुधवारीच आल्याचं गावातूनच तिला कळलं होतं. आवाज चढवला नाही.

"त्या दिवशी यादीत माझं नाव होतं का न्हाई?"

"माझ्या यादीत नव्हतं."

"मग कुणाच्या यादीत होतं, भाऊसाहेब?"

तिने मग कामाचं बोलणं काढलं. वरच्या कार्यालयात अपील करता येतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. त्यासाठी एक कागद हवा होता: दुरुस्त यादी बुधवारी आली आणि शुक्रवारी तिला खिडकीवर नाव नाही असं सांगण्यात आलं. तेवढं मी लिहून द्यावं. मी उद्या या म्हणालो. ती दुसऱ्या दिवशी आली. साहेब दौऱ्यावर आहेत, त्यांना विचारावं लागेल, असं सांगितलं. साहेब आतच होते. त्यानंतर ती आली नाही.

पुढच्या आठवड्यापासून मी तपासणी पुन्हा रोज सुरू केली. माझी पद्धत जिल्ह्यातल्या आणखी दोन कार्यालयांनी उचलली. तिथल्या लोकांना मी स्वतः जाऊन सगळं समजावून दिलं. नक्कल रोज का तपासायची एवढं मात्र सांगितलं नाही, फक्त तपासा म्हणालो.

आता नऊ वर्षं होत आली. अपिलाची मुदत कधीच गेली. त्या अंगणवाडीत अजून पुतणीच आहे, आणि ही बाई मजुरीला जाते, असं पालमच्या एका दुकानदाराने सांगितलं. तो कागद मी त्याच वर्षी लिहून ठेवला होता. चार ओळी आहेत. दोन्ही वार बरोबर आहेत, तिचं नाव बरोबर आहे, मजकुराखाली माझं नाव आणि हुद्दाही आहे. सही करायची राहिली आहे.